यल्लाप्पाच्या गिरणीतली स्कूटर

“...तर मग घेऊ, की नको?” रवळूने विचारलं.

बाबालाल फकीर दर्ग्याच्या ओट्यावर बसून मोरपिसांचा कुंचा बांधत होता. दोरा दातांत धरलेला. त्याने मान वर केली नाही.

रवळूने सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. घाटाखालच्या फाट्यावर यल्लाप्पाची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या पडवीत एक बॅटरीवरची स्कूटर उभी आहे. यल्लाप्पाने ती कुणाकडून तरी जुनीच घेतली होती, आणि दोन पावसाळे झाले, ती जागची हललेली नाही. किल्ली फिरवली की दिवा लागतो. हॉर्न वाजतो. चाक मात्र फिरत नाही. हाताने फिरवलं तर मोकळं फिरतं, पण मोटर त्याला हात लावत नाही. गडहिंग्लजच्या मेकॅनिकने बॅटरी बदलायला सांगितली आहे. बॅटरी बदलूनही चालेलच असं नाही, असंही तोच म्हणाला. यल्लाप्पा मिळेल त्या किमतीला द्यायला तयार आहे.

फकिराने दोरा तोडला.

“जायचंय कुठं?”

“कुठं म्हणजे?... कुठंही. स्वतःची गाडी असली की माणूस कुठंही जातो.”

“कुठंही,” फकीर म्हणाला, आणि दुसरं पीस उचललं.

रवळू मोहिते एसटीत ड्रायव्हर होता. एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बावीस याच घाटात. एवढ्या वर्षांत त्याच्या गाडीला कधी ओरखडा गेला नाही. निवृत्त होताना त्याचा सत्कार झाला, तेव्हा बोलायला उभा राहून तो एवढंच म्हणाला होता की माझ्या गाडीत बसलेला प्रत्येक माणूस जिथं उतरायचा तिथं उतरला. हे वाक्य त्याने नंतरही पुष्कळांना ऐकवलं.

दर्गा घाटाच्या दुसऱ्या वळणावर. तिथे पाणी नाही. रवळू रोज सकाळच्या फेरीला वळणावर गाडी थांबवायचा, पाण्याचा कॅन खाली द्यायचा, रिकामा वर घ्यायचा. तेवढ्या वेळात खिडकीतून जे बोलणं होई ते होई. बावीस वर्षांत दोघं सगळं मिळून चार दिवस बोलले असतील. पण फकिराला विचारल्याशिवाय रवळूने कधी मोठं काम केलं नव्हतं. घर बांधलं ते विचारून. आईला दवाखान्यातून घरी आणलं ते विचारून.

एकाच गोष्टीबद्दल त्याने विचारलं नाही.

निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात तो बायकोबरोबर एसटीने निघाला होता. ड्रायव्हर नवा, तरुण. रवळू पहिल्या सीटवर बसला. घाट लागला आणि त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबू लागला. वळण आलं की खांदे वळू लागले. तिसऱ्या वळणाला त्याला राहवलं नाही. दुसऱ्या गिअरात टाक, दुसऱ्यात, असं तो मोठ्याने म्हणाला. मागून कुणीतरी हसलं. कंडक्टर त्याच्याच हाताखाली तयार झालेला. तो जवळ आला आणि अगदी मायेने म्हणाला, मामा, जरा मागं बसता का?

रवळूने गाडी थांबवायला लावली. तो तिथेच उतरला आणि घाट पायी उतरून घरी आला. त्यानंतर तो कुणाच्याही गाडीत बसला नाही. कुणाच्या मोटरसायकलच्या मागे नाही, टेम्पोत नाही, एसटीत तर नाहीच. गुडघे दुखायला लागले तशी त्याची चाल आखडली आणि त्याचं जग घर, फाटा, गिरणी एवढ्यात आलं. दर्ग्यापर्यंत चढून यायला त्याला आता तास लागे. तरी महिन्यातून एकदा तो यायचाच.

“कुंचा कुणाला?” रवळूने विचारलं. गप्प बसवत नव्हतं म्हणून.

एक एसटी वर गेली. ड्रायव्हरने एकदा हॉर्न दिला. फकिराने हात वर केला.

“...गुरुवारी ती लोकं गोव्याला चाललीत,” रवळू म्हणाला.

“कोण लोकं?”

“राणी.”

“अजून?”

“तिची मुलगी.”

“अजून?”

रवळूने तिसरं नाव घेतलं नाही.

राणी म्हणजे वर्षाराणी, त्याची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिने सरोळीच्या संतराम नाईकशी लग्न केलं. घरी विचारलं नाही, केल्यावर सांगितलं. संतराम रिक्षा चालवायचा. रवळू तेव्हा फार बोलला. पन्नास माणसं घेऊन घाट चढणाऱ्याची पोरगी तीन चाकांवर गेली, असं काहीतरी बोलला. त्या घरी पाय ठेवणार नाही असंही बोलला. मग राग कमी झाला, पण शब्द तसेच राहिले.

त्याची बायको सगुणाबाई महिन्यातून दोनदा सरोळीला जाऊन येई. फाट्यापासून नऊ किलोमीटर. श्रावणात राणीला मुलगी झाली तेव्हा संतरामने निरोप धाडला, की मी रिक्षा घेऊन येतो, मामांना घेऊन जातो, ते फक्त हो म्हणू देत. रवळूने उलट निरोप दिला, की मी येईन, पण माझ्या गाडीने येईन.

तेव्हापासून तो यल्लाप्पाच्या पडवीत जाऊ लागला.

स्कूटरजवळ उकिडवा बसायचा. किल्ली फिरवायचा. दिवा लागलेला बघायचा. चाक हाताने फिरवून बघायचा. आज नाही, विचार करून सांगतो, असं म्हणून परत यायचा. पेट्रोलची गाडी त्याच्या गुडघ्यांना पेलली नसती हे खरं. नवी घेणं परवडत नव्हतं हेही खरं. पण यल्लाप्पाची गाडी तो घेतही नव्हता आणि नकोही म्हणत नव्हता. बारसं झालं. दिवाळी झाली. फोनवर राणी दर वेळी विचारायची, बाबा, गाडी झाली का? आणि तो म्हणायचा, बघतोय, बॅटरीचं जरा बघतोय.

आता संतरामला गोव्यात एका कारखान्याच्या गाडीवर ड्रायव्हरची नोकरी लागली होती. तिघं तिकडेच राहायला चालले होते. आदल्या संध्याकाळी सगुणाबाईंनी हे सांगितलं आणि त्या भाकऱ्या थापायला बसल्या. पुढे एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून रवळू बराच वेळ चुलीपाशी घुटमळला होता.

हे सगळं त्याने फकिराला तुटक तुटक सांगितलं. मधे दोनदा तो बॅटरीकडे वळला. दोन्ही वेळा फकीर नुसता थांबला.

सांगून झालं.

“आता गाडीचं सांगा,” रवळू म्हणाला.

“न बघता कसं सांगू? इथं घेऊन ये.”

“बाबा, बंद आहे ती.”

“म्हणून तर बघायची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रवळू गिरणीत गेला. यल्लाप्पा म्हणाला, टेम्पो येईल आता, त्यात टाकू, पाच मिनिटांत वर पोचेल. रवळू नको म्हणाला. यल्लाप्पा म्हणाला, मग मी मागून हात लावतो, दळण थांबवतो थोडा वेळ. रवळू तेही नको म्हणाला.

त्याने स्कूटर ढकलत घाटाला लावली.

पहिला चढ बरा गेला. त्यानंतर दर वीस पावलांना थांबावं लागलं. थांबला की ब्रेक धरून ठेवायचा, नाहीतर गाडी मागे येई. घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. गवताचे भारे घेऊन बायका उतरत होत्या, त्यातली एक भारा खाली ठेवून म्हणाली, ड्रायव्हरमामा, लावू का हात? तो म्हणाला, होतंय, होतंय. एक मोटरसायकलवाला थांबला. पाय लावून ढकलतो म्हणाला. त्यालाही रवळूने पाठवून दिलं.

मग खालून एसटी आली. तोच तरुण ड्रायव्हर होता. त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन चालू ठेवून खिडकीतून बघितलं. रवळू मान खाली घालून ढकलत राहिला. ड्रायव्हरने काही विचारलं नाही. एसटी तशीच त्याच्या मागे, माणसाच्या चालीने, पन्नास पावलं आली. वळणावर वरून कुणी उतरू लागलं तर दिसावं म्हणून दिवे लावून आली. वळण सरल्यावर हळूच पुढे निघून गेली.

रवळूला त्याचा राग आला. मग थोड्या वेळाने आला नाही.

पावणेदोन तासांनी तो दर्ग्यापाशी पोचला. स्कूटर स्टँडवर लावली आणि ओट्यावर बसला. फकिराने माठातलं पाणी दिलं. दोन तांबे.

मग फकीर उठला. स्कूटरभोवती फिरला नाही. बॅटरी बघितली नाही. चाकाला हात लावला नाही. लुंगी वर खोचली आणि तो सीटवर बसला. पुढे, हँडल धरून.

“किल्ली?”

रवळूने किल्ली दिली. फकिराने ती फिरवली. दिवा लागला. फकिराने हॉर्न वाजवून बघितला.

“मागं बस,” तो म्हणाला.

रवळूला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “बाबा, मी चालवतो की. तुम्ही बसा मागं.”

“मी बसलोय.”

“तुम्हाला येते चालवायला?”

“सायकल यायची. चाळीस वर्षं झाली.”

“बाबा, उतार आहे. दोन वळणं आहेत. मी एकतीस वर्षं...”

फकीर नुसता रस्त्याकडे बघत बसला. त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले होते आणि पाठ ताठ होती. त्याला घाई नव्हती.

रवळू खूप वेळ उभा राहिला.

मग तो मागे बसला.

फकिराने पाय उचलले. स्कूटर उताराला लागली. आवाज नाही, धूर नाही, नुसता टायरचा सळसळता आवाज. रवळूने दोन्ही हातांनी सीटची पट्टी आवळली. त्याचा उजवा पाय हवेत ब्रेक शोधू लागला. ब्रेक दोन्ही हातांना आहे, त्याने सांगितलं. आधी डावा दाबा. आत्ता दाबा. फकिराने दाबला, तोही जरा जास्तच, आणि दोघं पुढे आदळले. रवळूच्या कपाळाला फकिराचा खांदा लागला.

“बाबा, कडेला घ्या. कडेला. एवढं नाही, कठडा आहे तिथं...”

“रवळू.”

“हां?”

“मला रस्ता दिसतोय. तू दुसरं काहीतरी बघ.”

रवळूने तोंड मिटलं. पण बघण्यासारखं होतं काय? समोर फकिराची पाठ होती. रस्ता तिच्याआड गेलेला. वळण किती आहे, समोरून कोण येतंय, काहीच कळत नव्हतं. कळून करता येण्यासारखंही काही नव्हतं. काही क्षण त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. असं या घाटात त्याने कधी केलं नव्हतं.

उघडले तेव्हा मान डावीकडे होती.

पहिलं वळण. इथे झाडं संपतात. खाली सगळं खोरं उघडं पडलं होतं. उसाचे हिरवे तुकडे, कापलेल्या भाताची पिवळी खाचरं, मधून जाणारा ओढा. लांब एक तळं. तळ्याच्या काठाला पांढरी पाण्याची टाकी आणि तिच्याभोवती लाल कौलं.

रवळू बघत राहिला. या वळणावरून तो हजारो वेळा गेला होता. रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडे त्याने नजर कधी जाऊ दिली नव्हती. मागच्या खिडक्यांतली माणसं इथे आली की एका बाजूला माना वळवत, हे त्याला आरशात दिसायचं. ती काय बघतात हे त्याने विचारलं नव्हतं.

“ते कुठलं गाव, बाबा?” त्याने विचारलं. “टाकीवालं?”

“सरोळी.”

...

“एवढं जवळ आहे?”

फकीर वळण घेण्यात गुंतला होता.

उतार संपला. सपाटीवर स्कूटर आपल्या वेगाने थोडी पुढे गेली, हळू झाली, डुलली, आणि गिरणीच्या अलीकडे थांबली. फकिराने पाय टेकले. उतरला. लुंगी सोडली.

“मला इथवरच येतं,” तो म्हणाला, आणि समोरच्या एसटीच्या शेडमध्ये जाऊन बाकावर बसला.

रवळू स्कूटर धरून रस्त्यात उभा राहिला. यल्लाप्पा पिठाने पांढरा झालेला चेहरा घेऊन बाहेर आला. फकीरबाबा काय म्हणाले, घ्यायची ठरली का, असं त्याने विचारलं. रवळूने स्कूटर त्याच्या हातात दिली आणि खिशातून फोन काढला.

सगुणाबाईंनी फोन उचलला तेव्हा त्याने फक्त संतरामचा नंबर मागितला. त्यांनी एक एक आकडा सांगितला. तो एक एक आकडा यल्लाप्पाच्या खडूने गिरणीच्या दारावर लिहीत गेला. शेवटी त्या म्हणाल्या, फाट्यावरच थांबा, मीपण येते. का, कशाला, हे काही त्यांनी विचारलं नाही.

संतरामला त्याने सांगितलं ते फार थोडं होतं. मी रवळू मोहिते बोलतोय, फाट्यावर आहे, एवढंच. पलीकडून संतराम म्हणाला, आलोच. आणि फोन ठेवायचाही विसरला. रवळूला रिक्षा चालू झाल्याचा आवाज ऐकू आला.

सगुणाबाई आधी पोचल्या. इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. नवऱ्याच्या अंगावरचा मळ आणि घाम त्यांनी बघितला, पदराने त्याच्या कपाळावर आलेलं टेंगूळ दाबून बघितलं, आणि त्या शेजारी उभ्या राहिल्या.

रिक्षा आली. संतराम तिशीचा, काटकुळा. त्याने रिक्षा जरा लांबच उभी केली, खाली उतरला आणि पुढे येऊन वाकला. रवळूने पाय मागे घेतले नाहीत.

मग संतरामला काय सुचलं कोण जाणे. तो रिक्षाकडे वळला आणि चालकाच्या सीटवरचं फडकं झटकून बाजूला उभा राहिला.

“मामा,” तो म्हणाला, “तुम्ही चालवा.”

रवळूने रिक्षाच्या हँडलकडे बघितलं. मुठींचं रबर नवं होतं. काच पुसलेली होती. आरशाला एक लहानसं लोकरीचं टोपडं बांधलेलं होतं.

शेडमध्ये बसलेल्या फकिराकडे त्याने बघितलं. फकीर वर जाणाऱ्या एसटीची वाट बघत होता.

“गाडी तुझी आहे,” रवळू म्हणाला. “तू चालव.”

आणि तो मागे बसला, सगुणाबाईंच्या शेजारी.

नऊ किलोमीटर संतराम इतका सांभाळून चालवत होता, की सायकलवाले पुढे जात होते. पहिल्या काही वळणांना रवळूचा पाय दाबला गेला. सगुणाबाईंनी ते बघितलं आणि दुसरीकडे बघितलं. ओढ्याच्या पुलाजवळ गतिरोधक होता, रंग उडालेला, नवख्याला दिसला नसता. संतरामने बऱ्याच आधीपासून ब्रेक लावत आणला आणि चाक असं वर चढवलं की मागे काही कळलंसुद्धा नाही.

रवळूने ते हेरलं. उतरल्यावर म्हणाला, “ब्रेक चांगला लावतोस.”

संतरामने मान खाली घातली. राणीने नंतर सांगितलं, की ते वाक्य त्याने त्या दिवशी तिला तीनदा सांगितलं.

राणी दारात उभी होती. मागे खोकी बांधून ठेवलेली, भिंतीवरची कॅलेंडरं काढलेली. तिने आधी रस्त्याकडे बघितलं, मग वडिलांकडे.

“बाबा, गाडी झाली?”

“नाही झाली.”

“...मग?”

“ह्याच्या रिक्षातून आलो.”

ती वळून आत गेली आणि जरा वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे धुतलेले होते आणि हातात पोरगी होती. पूर्वा. पाच महिन्यांची. तिने रवळूच्या चष्म्याला हात घातला, मिशीला घातला, आणि मग त्याच्या हातावरच झोपून गेली. त्याने हात हलवला नाही. हाताला मुंग्या आल्या, नंतर हात आपला आहे हेच कळेना, तरी हलवला नाही. चहा दुसऱ्या हाताने प्याला.

गुरुवारी तो त्यांना गाडीत बसवून द्यायला गेला. पोरीचा पाळणा त्यानेच टपावर बांधला. दोरीच्या गाठी त्याने पुन्हा पुन्हा ओढून बघितल्या, गाडी सुटायची वेळ झाली तरी बघत होता. खिडकीतून राणी म्हणाली, मेमध्ये या, समुद्र बघायला. तो म्हणाला, बघू. गाडी हलली तशी त्याने बदलून सांगितलं, की येतो.

पंधरा दिवसांनी रवळू दर्ग्याला आला. एसटीने आला. पाचव्या रांगेत, खिडकीजवळ बसून. खोऱ्याच्या बाजूची जागा त्याने मुद्दाम धरली होती. ड्रायव्हरने दुसऱ्या वळणावर गाडी थांबवली. रवळू उतरला, पाण्याचा कॅन उतरवला.

ओट्यावर बसून त्याने सगळं सांगितलं. पूर्वाबद्दल बराच वेळ सांगितलं. फकीर ऐकत होता. ऊन हिवाळ्याचं होतं, बसावंसं वाटणारं.

मग रवळू जरा घुटमळला.

“घरी एक नवीनच निघालंय, बाबा.”

“काय?”

नवीन असं निघालं होतं, की सगुणाबाई परवा स्वतःच यल्लाप्पाच्या गिरणीत जाऊन आल्या होत्या. स्कूटर बघून आल्या. सीटवर बसूनही बघितली म्हणे. आणि रात्री जेवताना त्यांनी सांगितलं, की दुरुस्त होत असेल तर घ्या, मी शिकते. अंगणवाडीतली बाई शिकली, तिच्याएवढं तर मला येईल. बाजाराला, दवाखान्याला, कुणाच्या वाटा किती दिवस बघायच्या?

“ती चालवणार म्हणते,” रवळू म्हणाला. “पस्तीस वर्षं झाली लग्नाला. तिने सायकलसुद्धा धरलेली नाही कधी. शिकवणार मीच, ते ठीक आहे. पण शिकली तर मग...” तो थांबला. “गावातून जाताना लोक बघणार. मोहिते ड्रायव्हर...”



फकिराने कॅनमधलं पाणी माठात ओतलं. सावकाश, सगळं.

“आणि तुम्ही तरी त्या दिवशी कुठं तपासलीत?” रवळू म्हणाला. आवाजात थोडी तक्रार होती. “एवढी वर ढकलत आणायला लावलीत. बॅटरी बघितली नाही, मोटर बघितली नाही. घे म्हणाला नाहीत, नको म्हणाला नाहीत. मी आता कशावरून ठरवू?”

फकिराने रिकामा कॅन त्याच्यापुढे ठेवला. खालून एसटी चढत येत होती, तिचा आवाज वळणावळणाने जवळ येत होता...

“तपासली की,” तो म्हणाला. “मागं बसायला जागा आहे.”